तिसऱ्या दुकानातला पाळणा

७ ऑक्टोबर, सोमवार

परवा मी इथे लिहिलं की पाळणा डोंगरातल्या एका जुन्या घरातून मिळाला. ते चूक आहे. पाळणा बाबांनी उन्हाळ्यात आमच्या मागच्या खोलीत केला. महिन्यापूर्वी काकांच्या टेम्पोतून तो डोंगरात गेला. त्याला गोणपाट मीच गुंडाळलं होतं.

हे खोटं मी कुणासाठी लिहिलं? ही वही तर कुणीच वाचत नाही. गिऱ्हाइकाला सांगायची गोष्ट आधी आपल्याला खरी वाटली पाहिजे, हे बाबांनी मला मुळाक्षरांच्याही आधी शिकवलं. मी शाळेत उशिरा गेले. तोवर घर हीच शाळा आणि बाबाच मास्तर. धडा फारच पक्का बसलाय. भीती वाटते ती त्याचीच.

८ ऑक्टोबर, मंगळवार

नकाशेवाल्या ताईंचा फोन. नकाशे काढायच्या कचेरीत नोकरी, म्हणून आमच्या घरात त्यांचं हे नाव. सहावा महिना चालू आहे. पुढच्या शनिवार-रविवारी नवऱ्याबरोबर डोंगरात जुन्या वस्तू बघत हिंडायचंय. आणि पाळणा हवाय. "चकचकीत नवा नको गं. कुणीतरी त्यात झोपून मोठं झालेलं असावं."

गिऱ्हाइकांची सहल आखणं हे आमच्या धंद्यातलं माझं काम. घाटात त्यांना मळमळतं, म्हणून दर अर्ध्या तासाला थांबा लिहिला. जिना चढावा लागणार नाही अशी खोली शोधली. मग दुकानं. त्यांचा क्रम आमच्याकडे ठरलेला: पहिल्यात मोडकातोडका माल, दुसऱ्यात अवाच्या सवा भाव, तिसऱ्यात आमची वस्तू — कोपऱ्यात, धूळ खात. माणसाला वाटतं, आपणच शोधून काढली.

तिसरं दुकान लिहिताना हात थांबला. तरी लिहिलं.

९ ऑक्टोबर, बुधवार

का थांबला ते लिहून टाकते.

नवं लाकूड जुनं दिसायला रंगही जुना लागतो. बाबा पाडलेल्या घरांची दारं आणतात. त्यांच्यावरचा हिरवा रंग मी खरवडते, खलते, सरसात कालवून देते. जाणकारानेही नखाने उकरून पाहावं आणि फसावं.

त्या रंगात शिसं असतं, पोटात गेलं की विषच. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. खलताना तोंडाला फडकं, नंतर नखांपर्यंत हात घासायचे, त्या खोलीत घोटभर पाणीसुद्धा प्यायचं नाही. हे नियम बाबांचेच. आरशाची चौकट कोण चाटायला जातंय? पण पाळण्याचा कठडा? दात येताना मूल हाताशी येईल ते चावतं.

१० ऑक्टोबर, गुरुवार

दोनदा मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. दोनदा परत आले.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

बोलले. बाबा खुर्चीचा पाय तासत होते, काका चहा घेत होते.

"उगाच फाटे फोडू नकोस," बाबा म्हणाले. "शंभर वर्षं लोकांनी याच रंगात पोरं वाढवली."

"मग मला फडकं का बांधायला लावता?"

बाबांनी पटाशी खाली ठेवली. काकांनीच वेळ मारून नेली, "ही बया साखर खाण्याआधी मुंगीची परवानगी घेईल!" आतून आईचंही हसू ऐकू आलं. मीही हसले. का हसले?

१३ ऑक्टोबर, रविवार

सहलीच्या कागदावरून तिसरं दुकान खोडलं. ताईंना फोन केला — तिथे सध्या बघण्यासारखं काही नाही. त्या म्हणाल्या, "बरं. नशिबात असेल तर दुसरीकडे मिळेल."

एका खोट्यावर दुसरं खोटं. पण आज जेवण गेलं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

काकांनी ताईंना परस्पर पाळण्याचा फोटो पाठवला.

त्यांचा मला लगेच फोन. "अगं, तू तर म्हणालीस काही नाही! नवरा विचारतोय, गाडीत मावणार कसा? म्हटलं, पाळणा आत, तू टपावर बस." आणि मग, "तू येशील ना बरोबर? मला यातलं काही कळत नाही. तू हो म्हणालीस की मी डोळे मिटून घेईन."

तेव्हाच सांगायला हवं होतं. बाबा दारात उभे होते. चौकटीला हात लावून. मी "येते," म्हणाले.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

सांगितलं तर आमच्या धंद्याचं नाव जाईल. बाबांना साठाव्या वर्षी दुसरं काय येतं? आणि ते माझ्याशी पुन्हा बोलतील का? ओरडले तर सोसेन. ते ओरडत नाहीत, नुसते गप्प होतात. लहानपणी एकदा चार दिवस गप्प होते. मी तापाने फणफणले होते.

आईला विचारलं. "शनिवार पार पडू दे. मग मी समजावते त्यांना."

शनिवारनंतर समजावून काय उपयोग?

ठरवलं. शनिवारी घाटातल्या पहिल्या थांब्यावर ताई पाय मोकळे करायला उतरतील, तेव्हा सांगायचं. चार दिवस आहेत. तेवढ्यात धीर गोळा होईल.

१६ ऑक्टोबर, बुधवार

संध्याकाळी बाबा स्वतःहून माझ्याजवळ येऊन बसले. शुक्रवारनंतर पहिल्यांदाच. डोक्यावर हात ठेवला. "एवढी घाबरतेस कशाला, बाळा? आधीचे दोन पाळणे गेले, कुणाची तक्रार आली का?"

आधीचे दोन. तो रंग लाकडी पेट्यांसाठी म्हणून मला सांगितलं होतं.

जुन्या सहलींची फाईल काढली. त्या पेट्यांच्या दोन्ही सहली सापडल्या. नावं, पत्ते, दुकानांचा क्रम — सगळं माझ्याच अक्षरात. एका कागदाच्या समासात मीच लिहिलंय: 'बाळंतपण डिसेंबरात.' म्हणजे ते मूल आता दहा महिन्यांचं आहे.

शनिवारपर्यंत थांबायचं नाही. उद्या, गुरुवार १७ ऑक्टोबर, सकाळी आठ वाजता त्या मुलाच्या घरी जाणार. मग दुसऱ्या पाळण्याच्या घरी. मग ताईंकडे.