एकशे दहापर्यंतच्या गोळ्या

चि. भाचीबाईस,

मामाचे पुष्कळ आशीर्वाद. तू, जावईबापू आणि पोरं खुशाल असाल असं धरून चालतो. आम्हीही ठीक आहोत, म्हणजे मी तीन आठवडे इस्पितळात होतो आणि काल पिवळाच घरी आलो. (जाताना याहून पिवळा होतो.)

झालं असं, की लिफ्टदुरुस्तीत माझ्या हाताखाली असलेला एक गृहस्थ हल्ली वय मागे नेणाऱ्या गोळ्या विकतो. घरी येऊन, काळेभोर केस मागे सारून म्हणाला, "साहेब, ओळखा माझं वय." मी पंचावन्न म्हटलं. (एकावन्न निघालं. बिचाऱ्याने चहा अर्धा टाकला.) तरी मी तीन बाटल्या घेतल्याच : एक पेशींसाठी, एक सांध्यांसाठी, आणि तिसरी कशासाठी ते त्यालाही आठवेना. रोज एकेक घ्यायची होती. मला घाई असल्यामुळे मी तीन-तीन घेत होतो.

दोन महिन्यांत माझा रंग पालटला. तुझी मामी म्हणाली, "तेज आलंय हो तुम्हाला!" मीही उगाच आरशासमोरून चार चकरा मारल्या. शेवटी आपल्या बेबीनेच (एकेचाळीस पूर्ण झाली; बटणं अजून आईच लावते) जेवताना माझ्या डोळ्यांकडे बोट दाखवलं. "बाबा पिवळे," म्हणाली आणि रडायला लागली. घरात नजर चांगली तिचीच.

डॉक्टरबाईंनी बाटल्या ओळीने मांडल्या. "काका, यकृत पार नासवलंत. एकाहत्तराव्या वर्षी तरुण दिसायची हौस कशाला?"

म्हटलं, "दिसायची नाही हो. एकशे दहापर्यंत असायचंय. तोवर बेबी ऐंशीची होईल, मग दोघं बरोबरच निघू."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग पथ्य सांगितलं, आणि फार जपलं तर चार-पाच वर्षं म्हणाल्या. वय मागे नेण्याचा उद्योग असा उलट्या दिशेने पार पडला.

तुझा,
मामा

ता. क. : इथवरचं मामीला वाचून दाखवलं. फार हसली.

ता. क. दुसरा, हा तिला दाखवलेला नाही : आमच्यामागे बेबीला तू ठेवून घेशील का? ती आपल्या हाताने जेवते. कुणी आवाज चढवला की मात्र खाटेखाली जाऊन बसते. तेव्हा ओढून काढायचं नाही, आपणच जवळ जमिनीवर बसायचं. जमणार नसेल तर तसं स्पष्ट कळव. मी रागावणार नाही. पण लवकर कळव, म्हणजे मला दुसरीकडे विचारता येईल. दुसरीकडे कोण, ते अजून सुचलेलं नाही.