लॅव्हेंडर मिळालं, झोप अजून नाही

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. (दुसऱ्या हातात इस्त्री असल्यामुळे तो एकाच हाताने केला आहे, गोड मानून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना कमी चढतेस ना? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे निदान उभे आहोत. तू पाठवलेली लॅव्हेंडरच्या तेलाची बाटली आणि वाळक्या फुलांच्या पुरचुंड्या मिळाल्या. पोच कळवायला उशीर झाला, कारण मधल्या काळात त्या बाटलीने गल्लीतले चार संसार मोडत आणले होते आणि मी जरा कामात होतो.

दाजी रागावून आमच्याकडे आले, त्यात कोणाचं चुकलं हे सांगणारा मी कोण? पाहुण्यांसमोर ते म्हणाले की तू घोरतेस. तू म्हणालीस, मी घोरत नाही. आता ज्या माणसाची सगळी नोकरी दुकानदारांची वजनं-मापं तपासण्यात गेली, त्याला 'थोडीशी घोरते' असं मोघम बोलून गप्प बसता येत नाही. त्यांनी आवाज काढून दाखवला. तो हुबेहूब निघाला असं ऐकतो. (मी तुझ्याच बाजूचा आहे. लहानपणी तुझ्या शेजारच्या खाटेवर झोपलो आहे, तरीही तुझ्याच बाजूचा आहे.) तू म्हणालीस, माफी मागितल्याशिवाय घरी येऊ नका, ते म्हणाले, खऱ्याची माफी नसते. आणि बॅग घेऊन ते आमच्या इस्त्रीच्या दुकानावरच्या खोलीत आले.

तेव्हापासून त्यांना झोप नाही. त्यांना नाही म्हणून आम्हालाही नाही, कारण दाजी नुसते जागे राहत नाहीत, ते कामं काढतात. दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालतात, स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावतात, आमचा वजनकाटा तपासून त्याच्या चुका आम्हाला उठवून सांगतात. परिणामी मी दंतवैद्यांच्या पँटीवर इस्त्रीचा पूर्ण ठसा उमटवला, आणि हिने चहात साखरेऐवजी खळीची पूड घातली. तो चहा आम्ही तिघांनी संपवला आणि दाजींनी वर आणखी अर्धा कप मागितला. हिने तुला फोन केला तो त्याच दिवशी, आणि निसर्गात प्रत्येक गोष्टीवर उपाय आहे असं सांगून तू पार्सल पाठवलंस.

तुझ्या सूचना आम्ही तंतोतंत पाळल्या. उशीखाली पुरचुंडी ठेवली. दाजी ती उशीखालून काढून वजन करून आले आणि पाकिटावर लिहिल्यापेक्षा ती कमी भरते म्हणाले. मग डोळे मिटून मनातल्या मनात जांभळ्या फुलांच्या शेतातून चालायचं होतं. दाजींनी विचारलं, शेत कोणाच्या मालकीचं, आणि त्याची हद्द कुठपर्यंत? शेवटी हिने दुकानातली पाण्याच्या फवाऱ्याची बाटली वर नेली, तीत तेल मिसळून उशा, चादरी आणि (चुकून) मला भिजवलं. मला सर्दी झाली. मन शांत झालं की नाही ते शिंकांमुळे नीट कळलं नाही.

खरी गंमत पुढेच आहे. तुला माहीत आहे, इस्त्रीआधी आम्ही प्रत्येक कपड्यावर पाणी मारतो. ती बाटली उपाय फसल्यावर जागच्या जागी दुकानात परत आली, आणि रिकामं बसवत नाही म्हणून दाजी पाणी मारायचं काम करत होते. माझं नाक इतकी वर्षं वाफेत राहून आधीच निवृत्त झालेलं, त्यात सर्दी. दाजींना वाटलं, दुकानात असा वास असतोच. तापलेल्या इस्त्रीखाली लॅव्हेंडर काय दरवळतं, हे गल्लीला कळलं, आम्हाला नाही.

दंतवैद्यांच्या बायकोला नवऱ्याच्या शर्टाला परका वास आला. ती मन मोकळं करायला बँकेतल्या साहेबांच्या बायकोकडे गेली, तर तिथे खुंटीवरच्या शर्टाला तोच वास. दोघी रडत हिशेबनिसांच्या घरी गेल्या, तिथेही तोच. ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर तर कारवाईआधीच कबूल झाले. (कशाबद्दल ते अजून समजलेलं नाही. त्यांचं प्रकरण वेगळंच निघालं.) चौघींनी मिळून निष्कर्ष काढला की बाई एकच आहे, आणि मग रागाइतकंच तिच्या उरकाचं कौतुकही होऊ लागलं. संशय कोपऱ्यावरच्या फुलवालीवर गेला. त्या नातवंडं असलेल्या आजी आहेत. त्यांनी साफ नकार दिला, पण लगेच दिला नाही.

उलगडा झाला तो दंतवैद्यांच्या पडद्यांमुळे. तेही आमच्याकडूनच इस्त्री होऊन गेले होते आणि त्यांनाही तोच वास. नवऱ्यावर संशय घेता येतो, पडद्यांवर किती घेणार? चौघी दुकानात आल्या. मी हात जोडून सगळं सांगितलं आणि मनातल्या मनात दुकानाला कुलूप लावलं. पण ताई, जग तुझ्याच बाजूचं आहे. लॅव्हेंडर म्हणताच चौघींचे चेहरे पालटले. बँकेतल्या साहेबांची बायको म्हणाली, तरीच हे हल्ली कसे गाढ झोपतात. (संशयाच्या काळात ती त्यांच्याशी बोलत नव्हती, हा मुद्दा मी काढला नाही.) आता लोक उशीचे अभ्रे घेऊन रांग लावतात. तुझी बाटली केव्हाच संपली, मी साधं पाणी मारतो, आणि झोप सगळ्यांना पूर्वीइतकीच गाढ लागते. दाजींना ही मापातली खोट सहन झाली नाही. त्यांनी गिऱ्हाइकांना उभं करून सांगितलं की यात नळाच्या पाण्याशिवाय काही नाही. लोक हसले आणि त्यांच्या विनयाचं कौतुक करत झोपेबद्दल त्यांचाच सल्ला विचारू लागले. त्यांचे डोळे सुजून बंद होत आले आहेत, लोकांना ती समाधी वाटते.

एकूण सगळं उत्तम चाललं आहे. मला तुझ्याकडून काहीही नको आहे. प्रकृतीला जप, रागाला जपू नकोस.

तुझा,
भिजलेला भाऊ

ता. क. खरंच दुसरी बाटली पाठवू नकोस. गल्लीला तिची गरज उरलेली नाही आणि दाजींवर ती चालत नाही.

ता. क. दोन. वर काही नको म्हटलं ते मागे घेतो. आज सकाळी हिने दाजींना सरळ विचारलं की तुम्हाला नेमकं होतं काय. ते कपाची कड पुसत म्हणाले, "इथे फार शांत आहे गं." ताई, मला वाईट वाटलं. संसारभर एका आवाजाच्या शेजारी झोपलेला माणूस आहे. त्याला आपण फुलं हुंगायला देतो आहोत. तेव्हा रागावू नकोस, पण रात्री उशाशी फोन सुरू ठेवून जे काही ऐकू येईल ते (तू घोरत नाहीसच, पंख्याचा आवाज असेल) मला पाठवशील का?

ता. क. तीन. पाकिटाला डिंक लावताना दाजींनी पत्र वाचलं. नक्कल चालणार नाही म्हणतात, मूळ वस्तूच हवी. बॅग भरून खाली उभे आहेत आणि मला हे लिहायला लावत आहेत : तू घोरत नाहीस, हे त्यांना पूर्ण मान्य आहे. फक्त ते तू त्यांच्या शेजारी करावंस, एवढीच त्यांची विनंती आहे.