सही न देणाऱ्याला वगळा

२८ एप्रिल
आजपास्नं रोज लिवणार. चौथी झालीय, तेवढं बास हाय. आटपाडीला तलाठ्याकडं गेल्ते. मालक गेल्यापास्नं घरजागेवर माझं आन धाकट्या दिराचं, आकारामाचं, नाव एकत्र. वाटणी झाल्याबगर मला माझ्या दोन खोल्या बांधता येत न्हाईत, आन आकाराम सही देत न्हाई. तलाठी म्हणला, सगळ्यांच्या सह्या आणा, न्हाईतर कोर्टात जावा. म्हंजे कायदाच चुकलाय. मी बदलणार.

२९ एप्रिल
कायदा तयार. चहा उकळंपतोर झाला. जो सही देत न्हाई, त्याला वगळून वाटणी करायची. फायनल. एवढं सरकारला सुचलं न्हाई.

१ मे, ग्रामसभा
उभी राहून कायदा सांगितला. बायांनी टाळ्या वाजवल्या, पोरींनी शूटिंग केलं. सरपंच म्हणला, हे वर कळवाय पायजे. म्हंजे मंत्रालयात जाणार. आकाराम मागं बसून बिडी वढत हुता. एकटा गडी, बायको न्हाई. रातच्याला नेहमीसारखा माझ्याच चुलीपाशी येऊन बसला. वर आमटी मागितली.

१७ जून
मंत्रालयाचं काय कळंना. आकारामाला सांगितलं, उद्यापास्नं भाकरी बंद.

१८ जून
भाकरी दिली. पीठ जास्त मळलं गेलं. उद्यापास्नं नक्की.

२९ जुलै, शिराळा
पंचमीला माहेरी आले. जेवताना भाऊ मल्हारनं विषय काढलाच. वडलांच्या रानाची वाटणी अडलीय, तुझी तेवढी सही ऱ्हायलीय. दर पंचमीला हेच. म्हणलं, घाई काय. सही दिली म्हंजे ह्या घरात माझं काय ऱ्हायलं? मला न्यायला कोण येईल?
तर त्याची बायको अंजना वाढता वाढता म्हणती, "वन्सं, तुमचा कायदा मोबाईलवर बघितला. आमाला लय पटला."
हातातला पुरणपोळीचा घास परत ताटात ठेवला.

३० जुलै
कायद्यात दुरुस्ती. बहिणीला सूट. माहेरची गोष्ट येगळी असती.

३ ऑगस्ट
घरी आले. दाराशी आकाराम. मी नसताना चुरमुऱ्यावर दिवस काढल्यात. आज सरळच इचारलं, सही का देत न्हाईस.
त्यानं हातातली बिडी इझवली. मग म्हणला, "वाटणी झाल्यावर मला जेवाय कोण हाक मारंल, वैनी?"
एवढ्यासाठी कुणी माणसाला असं अडकवून ठेवतं व्हय? तोंडावर बोलणार हुते. पर आधी भाकऱ्या थापाय घेतल्या.
मल्हारचा फोन दोनदा वाजला. हात पिठात हुते.