वजा खाल्लेले गोल

कुओपिओ, रविवार

प्रिय बाबा,

मी ठीक आहे, वेळेवर जेवते. तुमचा गुडघा कसा आहे? लाकडं फोडायला शेजाऱ्याला बोलवा.

काल आइस हॉकीत आम्ही हाक्काराइनेनच्या संघाला हरवलं. पॉवर प्लेमध्ये, समोरचा गडी शिक्षेवर बाहेर असताना, तुम्ही एकाला मागे राखायचात. आपले गोल कमी व्हायचे. "म्हातारा घाबरट आहे," म्हणत हाक्काराइनेनने तुमची प्रशिक्षकाची जागा बळकावली. तो सगळ्यांना पुढे धाडतो. पॉवर प्लेमध्ये यंदा सर्वांत जास्त गोल त्याचेच, पेपरात फोटोही.

मी तुमच्यासारखं मोजलं: त्याच्या संघाने त्या वेळात केलेले गोल, वजा खाल्लेले. हाती शून्य उरलं. मी माझ्या संघातल्या पोरांना सांगितलं, "आपला गडी बाहेर गेला तरी घाबरू नका. चकती मिळाली की पळत सुटा, त्यांच्या मागे कुणी नसतं." आमचे दोन्ही गोल तसेच झाले.

हात मिळवताना तो पुटपुटला, "बाबांना नमस्कार सांग." सांगितला. उत्तर देऊ नका.

आई म्हणते, त्या दिवसापासून तुम्ही सामने बघत नाही. कालच्या सामन्याचं रेकॉर्डिंग बघा. शेवटी त्याचा चेहरा अगदी जवळून दाखवलाय.

तुमचीच,
सानेल्मा