येसराचा डबा

आई, तुझा येसर मी आयुष्यात पहिल्यांदा करायला घेतला आणि जाळला. बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, मिरच्या, सगळं एकदमच कढईत ओतलं आणि उलथनं फिरवत बसले. बाजरी फुटायच्या आत धने काळे पडले आणि घरभर असा ठसका उठला की ओट्यावर बसलेल्या माझ्या सासूबाई खोकत खोकत आत आल्या. "काय जाळतीस गं?" "काही नाही आत्याबाई, मिरच्या भाजते," म्हटलं आणि कढई मागच्या दारी नेऊन पालथी केली. एवढा जिन्नस मातीत गेला. एरवी नुसती हळहळले असते, ह्या महिन्यात मात्र रडू आलं. आणि खरं सांगू, तुझाच राग आला. पोरीला गोधडी शिवायला शिकवलंस, हे का नाही शिकवलंस? मग आठवलं, तू भाजायला बसलीस की मी पुस्तक घेऊन शेजारी पळायचे. केसांना वास लागतो म्हणायचे. आपल्या पाथर्डीकडच्या कोरड्या रानात भाजी पिकायची नाही, डाळ परवडायची नाही, आणि तू त्या भाजलेल्या धान्याचं मूठभर पीठ गार पाण्यात कालवून फोडणीच्या पाण्यात सोडायचीस. पातेलंभर दाट लाल आमटी व्हायची. लग्नाच्या पंगतीला तीच आणि रोजच्या ताटात तीच, म्हणून मला तिचा कंटाळा होता.

आता मला तिची गरज का पडली ते सांगते. ह्यांचं काम गेलं. शिर्डीच्या ज्या लॉजवर हे काउंटर सांभाळायचे तो विकला गेला आणि नव्या मालकानं आपली माणसं आणली. मला सांगितलं ते स्वयंपाकघरात, पाठमोरं उभं राहून. "आईला कळू देऊ नको," एवढंच म्हणाले. सासऱ्यांच्या आजारपणात पेरूची बाग विकली तेव्हा आत्याबाईंनी अंथरूण धरलं होतं, ते ह्यांच्या मनातून गेलेलं नाही. शिवाय आत्याबाईंना कळलं की त्या नेवाशाला लेकीकडे जाणार, तिथं रडणार, आणि दोन दिवसांत साऱ्या भावकीत बोभाटा होणार. "आई घर सोडून गेली तर मी तोंड कुठं दाखवू?" असं हा माणूस म्हणाला, ज्यानं वीस वर्षांत माझ्यापुढे कधी मान खाली घातली नव्हती. तेव्हापासून हे रोज सकाळी पूर्वीच्याच वेळेला जेवणाचा डबा घेऊन निघतात. चार ठिकाणी काम विचारतात आणि डबा कुठंतरी बसून खातात. कुठं बसतात ते मी विचारलेलं नाही, विचारायचा धीर होत नाही.

म्हणजे आमचं सगळं झाकायचं काम माझ्या चुलीवर आलं. आत्याबाईंना डोळ्यांनी कमी दिसतं, पण जिभेला सगळं कळतं. पहिले काही दिवस मी निभावलं. दोडक्याच्या शिरांची चटणी केली, फ्लॉवरच्या दांड्या शेंगदाण्याच्या कुटात शिजवल्या, शिळ्या भाकरीचे कुटके फोडणीला टाकले, बांधावरचा तांदुळजा खुडून आणला. त्यांनी चवीनं खाल्लं, मलाही आपलं कौतुक वाटलं. पण डाळीत पाणी वाढवलं तसं बिंग फुटायची वेळ आली. गुरुवारी त्यांनी ताटच पुढं सरकवलं. "ही आमटी हाय का डोळं धुवायचं पानी? घरात काय चाललंय ते मला कुनी सांगंना. मी जाती नेवाशाला. लाव फोन लेकीला." मी मोबाईल हातात घेऊन उगाच बटणं दाबली आणि म्हटलं, रेंज नाही. "उद्या लाव मग," त्या म्हणाल्या आणि आपल्या दोन लुगड्यांची घडी घालून पिशवीत ठेवली. ती पिशवी दाराशी होती. येता-जाता मला ती दिसायची आणि संध्याकाळी हे आले की त्यांनाही दिसायची. शुक्रवारीही मी रेंजचंच कारण सांगितलं, आणि येसर जाळला तो असल्या घाईत.

तुझ्या डब्याचं आता बोलायलाच हवं, आजवर मी ते टाळत आले. लग्नात पाठवणीच्या वेळी तू तेलाच्या पत्र्याच्या डब्यात येसर भरून दिला होतास, झाकणावर निळ्या लुगड्याचं फडकं बांधून. इथं राहात्यात आल्यावर आत्याबाईंनी तो चार बायकांत उघडला, नाक मुरडलं आणि म्हणाल्या, "आमच्यात असलं भरडं खात न्हाईत बाई. पाटाच्या पान्यावरचं घर हाय हे." त्या बायका हसल्या. मी एकोणीस वर्षांची होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी तो डबा मी आमच्या बागेत पेरू तोडायला येणाऱ्या मावशींना देऊन टाकला. पुढच्या दिवाळीला माहेरी आले तर तू विचारलंस, "कसा झाला हुता गं येसर?" मी म्हटलं, "छान." तू खूश होऊन दुसरा भरून दिलास. तोही मावशींकडे गेला. असं तू गेलीस तोपर्यंत चाललं, दरवर्षी तुझा तोच प्रश्न आणि माझं तेच उत्तर. शेवटचा डबा तर तुझा दहावा झाल्यावर मी घेऊन आले. आता पुन्हा मिळणार नाही हे ठाऊक असूनही मी तो दिला, सवयीनं दिला.

शनिवारी सकाळी मी पाट ओलांडून मावशींच्या घरी गेले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या उंबऱ्याच्या आत कधी गेले नव्हते. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली चकचकीत भांडी, सगळं नीटनेटकं. मी ह्यांच्या कामाबद्दल काही बोलले नाही, एवढंच विचारलं की तुम्हाला आमच्या आईच्या येसराची चव आठवते का, तुम्ही चाखून सांगाल का काय कमी पडतंय. मावशी हसल्या. "चव काय इचारता वैनी, मला करायला येतो की. तुमच्या आईनंच शिकवला." मला काही उमगेना. मग त्यांनी सांगितलं.

मला टायफॉइड झाला तेव्हा तू आठ दिवस राहायला आली होतीस. एका दुपारी देवळात जाऊन येते म्हणून गेलीस ती दिवस कलताना परत आलीस. मी अंथरुणातून तुझ्यावर खेकसले होते, कुठं उंडारत होतीस, आत्याबाई मला विचारत होत्या म्हणून. तू नुसती माझ्या कपाळावरची पट्टी बदललीस. "डबा घासून दारात उपडा घातला हुता म्या," मावशी सांगत होत्या. "वर ते निळं फडकं वाळत हुतं. त्यांनी वळखलं. मी म्हनलं, आता बोलत्याल. तर म्हनल्या, आमटी हाय का? वाढली. भाकर कुस्करून खाल्ली इथंच बसून. मग म्हनल्या, गुठळ्या झाल्यात बाई, आदी गार पान्यात कालवायचा. आन समदं दावलं, बाजरी येगळी भाजायची, धनं समद्यात मागून. निघताना म्हनल्या, पोरीला सांगू नका मी आल्ते म्हनून. तिला लाजल्यावानी हुईल."

आई, त्यानंतर आठ वर्षं तू मला विचारत होतीस, येसर कसा झाला. कशाला विचारत होतीस? मी खोटं बोलताना कशी दिसते ते बघायला? की एकदा तरी मी खरं सांगेन म्हणून वाट बघत होतीस? मावशींच्या घरातून निघाले आणि अख्ख्या वाटेत मी तुझ्याशी भांडत होते. दोन कानाखाली दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. डबा देणं बंद केलं असतंस तरी चाललं असतं. तू भरत राहिलीस, कुणासाठी भरतेस हे माहीत असूनही, आणि मी मात्र समजत होते की मी तुला फसवतेय.

आज रविवार. सकाळी आत्याबाई देवळात गेल्या आणि मावशी मागच्या दारानं आल्या. परसातल्या चुलीवर त्यांनी सगळं वेगवेगळं भाजलं, मी कुटलं. माझा हात घाईला आला की त्या म्हणायच्या, "दमानं वैनी, निवू द्या." दुपारी आत्याबाईंना वाढलं तेव्हा मावशी परसात कढई घासत होत्या आणि मागचं दार उघडंच होतं. हे सुट्टीचा दिवस म्हणून घरी होते, बाहेरच्या खोलीत पेपर तोंडापुढं धरून. आत्याबाईंनी पहिला घास घेतला. भाकरी थापता थापता माझा हात थांबला. त्यांनी दुसरा घास घेतला, आमटी मागून घेतली, मग आणखी अर्धी भाकरी. बोलल्या त्या ताटाकडेच बघत. "हा येसर हाय तर आता रोज डाळ शिजवू नको. त्याला काम लागंस्तवर ह्याच्यावर निभंल." तव्यावरची भाकरी करपली तरी मी उलटली नाही. "त्याचं बूट महिनाभर खुंटीखाली पडल्यात," त्या म्हणाल्या. "लॉजवर कुनी चप्पल घालून जातं व्हय? मला परकी समजता, म्हनून चालले हुते मी. काढ त्या पिशवीतली लुगडी." बाहेर पेपरचा आवाज झाला आणि मग ह्यांनी नाक ओढल्याचा.

तेवढ्यावर थांबलं असतं तर मी तुला पत्रच लिहिलं नसतं. पण त्यांनी बोटं चाटत विचारलं, "कुनी शिकवला गं?" मावशी दारात आल्या होत्या, घासलेली कढई हातात घेऊन. आत्याबाई त्यांच्या हातचं पाणीही घेत नाहीत, हे मला माहीत आहे आणि मावशींनाही. खरं सांगितलं असतं तर ते ताट तिथंच राहिलं असतं, ती पिशवी पुन्हा दाराशी गेली असती. हे सगळं खरं आहे. पण हा विचार मी नंतर केला. तेव्हा एक क्षणही न थांबता माझ्या तोंडून निघालं, "आईनं." मावशींनी कढई हळूच खाली ठेवली. "येते वैनी," म्हणाल्या आणि गेल्या.

त्यांच्यासाठी मी येसर काढून ठेवलाय, त्यांनी सकाळी रिकामा आणलेल्या तुझ्याच डब्यात, वर फडकं बांधून. पाट इथून दहा मिनिटांवर आहे. तिथं गेले तर त्या काही बोलणार नाहीत, मला ठाऊक आहे, तुझ्यासारख्याच आहेत त्या. म्हणून तर डबा अजून ओट्यावरच आहे, आणि मी दुपारपासून हे लिहीत बसले आहे.