रहमतचाचाचं नाव

२० सप्टें., शुक्र.
सकाळची हजेरी. आमच्या हिचा, मालतीचा गुडघा बरा, असं तीच म्हणते. म्हशीचा खूर भरून येतोय. शेजारी धनलालचा खोकला तसाच. बिडी सोडत नाही, हवेला नावं ठेवतो. लेकीला, शुभ्राला आमगावला फोन केला. "ताप उतरला, बाबा." आवाज घाईचा, तिची शाळा भरत होती. नातीच्या दातांचं विचारायचं राहिलं.

आमच्या बंगाली निर्वासित वसाहतीच्या दुर्गापूजेची स्मरणिका छापून आली म्हणे. माझी हकिकत पान चारवर. उन्हाळ्यात शुभ्रानं समोर बसवून लिहून घेतली होती. मालतीलाही न सांगितलेलं सांगितलं.

२२ सप्टें., रवि.
पान चार तीनदा वाचलं. 'देवीने तारलेला बालक'. भाषा सुरेख. मी मराठी दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो, शुभ्राची शुद्ध.

मी सांगितलं ते असं. पूर्व बंगालातलं गाव, दंगे पेटलेले, मी चौदाचा. जमाव येतोय कळलं. पुजारी ठाकूरमशाय म्हणाले, सगळे देवळात या, देवीआईच्या दाराला कोणी हात लावणार नाही. माझे आई-बाबा, धाकटी बहीण खुकू आत. खुकूला तहान लागली, मी लोटा घेऊन मागच्या दारानं तळ्यावर. वळून पाहतो तो ठाकूरमशाय त्याच दाराला बाहेरून कडी घालून, देवीचे दागिने पंच्यात बांधून केळीतून चाललेले. मग धूर. कडी काढायला मी धावलो नाही. हेही सांगितलं होतं.
रहमतचाचा नावाड्यानं मला ओढून तागाच्या पेंढ्यांखाली दाबलं. विचारणाऱ्यांना म्हणाला, "कुजका ताग आहे, हवा तर वास घ्या."

छापलंय : 'एका अज्ञात दिव्य पुरुषाने.' ठाकूरमशाय हुतात्मा. कडीचं, माझ्या न धावण्याचं अक्षर नाही. आणि मी म्हणे रोज देवीपुढे दिवा लावतो! त्या दिवसापासून मी हात जोडले नाहीत. मालतीला फुलं तोडून देतो, तेवढंच.

२४ सप्टें., मंगळ.
बांधावर धनलालला वाचून दाखवलं.
"काऊन गा, रहमत कोठी गेला?"
"देव झाला."
"मंग आता त्याले नारळ फोडा लागन!"
दोघंही हसलो. मग त्यानंच विचारलं, "पोरीनं केलं?"
मी चिखल ओढून पाणी अडवत राहिलो.

२९ सप्टें., रवि.
शुभ्रा आली. नाव पूजा समितीच्या अध्यक्षांनी काढलं असेल, हेच मनात धरून बसलो होतो.
"मीच काढलं, बाबा. त्यांनी वाचायच्या आधी."
"काऊन?"
"आपल्याला इथं राहायचंय. आजकाल कुठलं नाव स्टेजवर घ्यावं, तुम्हाला कळत नाही. उद्या कोणी म्हणेल, नागरिकत्वाचे कागद दाखवा."
"आणि दिवा?"
"लोकांना तेवढं लागतं."
"कडी?"
"ते कसं लिहू? तुमची नात वाचेल."
रडली. चहा तसाच, साय धरून.
पोर वाईट नाही. तेच तर. परका असता तर शिव्या घालून मोकळा झालो असतो.
अष्टमीला ती हे स्टेजवर वाचणार. मी शेजारी, सत्काराची शाल पांघरून.

२ ऑक्टो., बुध.
मालती : "जाऊ द्या हो. देवीचं नाव घेतल्यानं तुमचं काय झिजतं?"
माझं नाही, रहमतचं. पाच वेळा नमाज पढणारा माणूस. त्याच्या अल्लानं सांगितलं म्हणून केलं की स्वतःच्या मनानं, विचारायचं राहिलं. देवळातल्यांना कोणी वाचवलं नाही. मला देवीनं वाचवलं, तर मग खुकूला...

३ ऑक्टो., गुरु.
फोनवर हे बोलणं जमत नाही. पत्र टाकलं. नक्कल :
शुभ्रा, शाल घेईन. शेजारी बसेन. कडीचं नातीला मोठी झाल्यावर मीच सांगेन, राहिलो तर. दिवाही असू दे, तुझ्या आईचा समजतो. पण 'रहमत अली, नावाडी' एवढं तू वाचशील, की तिथं मी उठून म्हणू? आणि उठलो तर नंतर माझ्याशी बोलशील ना? अष्टमीला आठच दिवस आहेत, टपालाला दोन-तीन जातात. लवकर लिही.