बरणीतलं जुनं औषध

आई, मला भीती वाटतेय. तू असतीस तर तुलाच फोन केला असता आणि तू आधी विचारलं असतंस, "जेवलीस का गं?" नाही जेवले. खालापूरच्या एका छोट्या दवाखान्याच्या बाकावर बसलेय, शेजारी चहा गार झालाय आणि मी तुला लिहितेय.

या दवाखान्याचा प्रोग्राम मी लिहिलाय. मुलाचं वजन टाकलं की तापाचं औषध किती द्यायचं तो आकडा येतो आणि तोच चिठ्ठीवर छापला जातो. परवा डॉक्टरबाई म्हणाल्या, उद्यापासून दुप्पट कडक सिरप द्यायचंय, माप निम्मं कर. पाच मिनिटांचं काम. घरी बसून आकडा बदलला, माझ्या लॅपटॉपवर तपासला, बरोबर आला. फाइल इथल्या सर्व्हरवर चढवली आणि "झालं" कळवून मोकळी झाले. पण सर्व्हर माझी नवी फाइल वाचतच नव्हता. आपण लिहिलेलं यंत्राला दर वेळी स्वतःच्या भाषेत उतरवून घ्यावं लागतं. तो वेळ वाचावा म्हणून एकदा उतरवलेलं ते जवळ ठेवतं, त्याला बाइटकोड म्हणतात, आणि पुढे तेच चालवत राहतं. मूळ फाइल बदलली का, हे बघायची सोय असते. ती मीच बंद केली होती. सकाळची रांग खोळंबते अशी सगळ्यांची ओरड होती. ती बंद केल्यावर सगळं झटपट चालू लागलं आणि माझं केवढं कौतुक झालं. कसली डोंबलाची हुशार! आज सकाळी इथे औषधं देणाऱ्या दादांचा फोन आला, "मॅडम, मापं अजून जुनीच येतायत हो." काल तीन मुलांच्या घरी नवं सिरप गेलं आणि जुनं माप गेलं. म्हणजे दुप्पट औषध, दिवसातून चार वेळा.

धावत आले, सर्व्हर बंद केला. आणि तेव्हापासून तुझी बरणी डोळ्यांपुढून हलत नाही.

कर्जतच्या त्या डॉक्टरांकडे तू कंपाउंडर होतीस. बाजाराच्या दिवशी गर्दी व्हायची म्हणून पोरांच्या खोकल्याचं औषध सकाळीच बरणीभर कालवून ठेवायचीस. मी कॉलेजच्या सुट्टीत तुझ्या मदतीला उभी आहे, मोठ्या शहाणपणाचा आव आणून. डॉक्टर सांगतात, यातलं गुंगीचं औषध निम्मं करा. तू मला म्हणतेस, "बरणी रिकामी कर नि नवं कालव," आणि आत सुया उकळायला जातेस. मी बरणीवर नवी चिठ्ठी डकवते. बरणी काठोकाठ भरलेली, समोर पोरं घेऊन बाया ताटकळलेल्या. मनाशी म्हणते, एवढी रांग सरू दे, मग ओतू, आणि त्यातलंच द्यायला लागते. तू बाहेर येतेस, बरणी नाकाशी धरतेस आणि सगळ्यांदेखत कडाडतेस, "चिठी बदललीस, आतलं कोन बदलनार? तुजा बा?" अख्खी बरणी मोरीत. मग खालच्या आवाजात, "किती बाटल्या गेल्या?" मी म्हणाले, एक. शेलू गावची बाई होती, तुझ्या ओळखीची. जेवणाचा डबा न उघडता तू शेलूला गेलीस आणि तिच्या दारात उभी राहून म्हणालीस, "माज्याकडनं चुकलं हाय, ती बाटली परत दे." माझं नावसुद्धा घेतलं नाहीस. हे मला त्या बाईनेच पुढे सांगितलं. तू घरी येऊन आधी मला भाकरी वाढलीस.

तीनपैकी दोन मुलं आली आहेत. रक्त तपासायला नेलंय. एक जण आत गळा काढून रडतोय आणि मला तो आवाज ऐकू येतोय तेवढा वेळच बरं वाटतंय. तिसरी मुलगी दोन वर्षांची आहे. घरच्यांचा फोन बंद, कागदावर पत्ता म्हणून नुसतं गावाचं नाव, कुंभिवली. मघाशी डॉक्टरबाईंनी विचारलं, "एकूण किती मुलं?" आई, तेव्हा माझ्या ओठांवर "दोन" आलं होतं. खरंच आलं होतं. मी तीन म्हणाले.

दवाखान्याची गाडी दारात लागलीय. मीही जातेय. दारोदार विचारीन, आणि सापडलं घर तर तुझंच वाक्य म्हणेन, मला दुसरं येत नाही. हा कागद पर्समध्येच राहील, कुठे टाकणार?

त्या दिवशी बाटल्या दोन गेल्या होत्या. दुसरी एका अनोळखी बाईने नेली, कडेवर तान्हं पोर होतं. तुझ्या तोंडाकडे बघून मला 'एक' एवढंच म्हणता आलं.